बाईंना सळई पसंत नाही

मागच्या महिन्यात लातूरच्या इंजिनिअर मंडळींनी मला भाषणाला बोलावलं. विषय होता, व्यवसायातलं परस्पर सहकार्य. फोन करणारा तरुण इंजिनिअर गोड बोलणारा होता. ‘मॅडम, तुमच्या वेळी मोबाईल नव्हते, तरी तुम्ही सगळे एकमेकांना किती धरून होता, ते नव्या लोकांना सांगा,’ म्हणाला. अध्यक्ष कोण आहे, असं मी विचारलं. त्याने माझ्या एका वर्गमित्राचं नाव घेतलं. मी नाही म्हणाले आणि फोन ठेवला. मग दिवसभर स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. वय झालं, गुडघे गेले, पण हा राग जागचा हललेला नाही. भाषणात जे सांगता आलं नसतं ते इथे लिहिते.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत होते. नांदेडला बांधकामाचं शिकले आणि तिथेच एका इंजिनिअर सरांच्या ऑफिसात लागले. सरांनी मला पहिल्या दिवशी हात समोर लांब करायला लावला आणि मनगटावर पाण्याची बादली अडकवली. ‘ताण कुठे येतोय?’ म्हणाले. खांद्याच्या वरच्या बाजूला येत होता. ‘भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीचं असंच असतं. तिला पुढून खांब नसतो. म्हणून तिची सळई वरच्या अंगाला ठेवायची. खाली गेली तर ती असून नसल्यासारखी.’ बादली त्यांनी बराच वेळ काढली नाही. दुसऱ्या दिवशी मला वेणी घालता येईना. पण धडा असा बसला की आजही कुणाच्या घरी गेले तर आधी गॅलरीकडे बघते, मग घरातल्या माणसांकडे.

पुढे लातूर नवा जिल्हा झाला आणि तिकडे बांधकामाची नुसती झुंबड उडाली. कचेऱ्यांना जागा हव्या, साहेबांना बंगले हवे, बदली होऊन आलेल्यांना भाड्याची घरं हवी, त्यांच्या पोरांना शाळा हव्या. जो तो म्हणायचा, आता जिल्हा झाला. रस्त्यात खड्डा असला तरी जिल्हा झाला, आणि भाडं वाढवलं तरी जिल्हा झाला. सरांनी तिथे ऑफिस उघडलं आणि मला बसवलं. वर्ष असं निवडलं की पाऊस नाही. नांदेडला गोदावरी आटली तरी डोहात पाणी असायचं. लातूरला नळाची तोटी म्हणजे शोभेची वस्तू झाली होती. बायका पहाटेपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या आणि रांगेत स्वतःच्या जागी दगड ठेवून स्वयंपाकाला जायच्या.

अशा गावात सिमेंटला पाणी कुठून आणायचं? स्लॅब भरायला पाणी लागतं, आणि भरल्यावर तो रोज भिजत ठेवावा लागतो, नाहीतर भाकरीसारखा तडकतो. लातूरच्या बांधकाम इंजिनिअरांची एक बैठक होती, तिने यावर तोड काढली होती. दर गुरुवारी एका लोखंड-सिमेंटच्या दुकानामागे ही मंडळी जमायची. दुकानदार कपाळाला विभूती लावून गादीवर बसलेले, आणि मागे पोत्यांवर इंजिनिअर. दुकानदारांच्या मळ्यातल्या विहिरीला थोडं पाणी होतं. त्याचा टँकर कुणाच्या साइटवर कोणत्या दिवशी जायचा, ते बैठकीत ठरायचं. कुणाची लेव्हल मशीन कुणी न्यायची, कुणाच्या सरकारी परमिटचं सिमेंट उशिरा आलं तर कुणी पोती उसनी द्यायची, हेही तिथेच ठरायचं. खोटं कशाला बोलू, चांगली गोष्ट होती. फक्त तिच्यात मी नव्हते. ‘बाई आल्या की मोकळं बोलता येत न्हाई,’ असं कारण मला सांगितलं गेलं. मोकळं म्हणजे काय बोलत होते कुणास ठाऊक. मला पाण्याची पाळी मिळायची ती सगळ्यांच्या शेवटी, तीही सरांचं नाव घेतल्यावर.

या बैठकीची एक रीत होती. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या इंजिनिअरने येऊन सळई बघायची. आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून परक्याची नजर. रीत उत्तम. पण या लोकांनी तिला ‘मुलगी बघणं’ म्हणायला सुरुवात केली होती. बघायला येणाऱ्यासाठी चहा-चिवडा, गप्पा, मग वर चढून सळईवर एक फेरी, आणि खाली येऊन ‘पसंत’ म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय घमेलं हलायचं नाही. पुढे पुढे चिवडा वाढत गेला आणि फेरी आखडत गेली. माझ्या कानावर तरी कुणी कधी ‘नापसंत’ म्हटल्याचं आलं नव्हतं. तसं म्हणायची पद्धतच नव्हती. आज मी तुझी नाकारली तर उद्या तू माझी नाकारशील, इतका साधा हिशोब होता.

बैठकीचे म्होरके म्हणजे अप्पा. वयाने, मानाने सगळ्यांत मोठे, आवाज भरदार. गावातलं कुठलंही काम आधी त्यांच्याकडे जायचं आणि त्यांना नको असेल तर खाली झिरपायचं. मुलींच्या एका शाळेची इमारत त्यांच्याकडे होती. वर वर्ग, आणि वर्गांना पुढून एक, मागून एक अशा दोन लांब गॅलऱ्या. त्यांच्या स्लॅबच्या वेळी नेमकं बैठकीतल्या एकाच्या मुलीचं उदगीरला लग्न निघालं आणि सगळे तिकडे गेले. बघायला कुणी उरलं नाही. तेव्हा अप्पांना माझी आठवण झाली.

मला इतका आनंद झाला होता की सांगायची लाज वाटते. मी चांगली साडी नेसून गेले. गेटवर अप्पा होते आणि शेजारी माझा वर्गमित्र. नांदेडला आम्ही एका बाकावर शिकलो, माझ्या वह्यांवर तो परीक्षेला बसायचा. आता तो अप्पांच्या हाताखाली होता.

“या बाई,” अप्पा म्हणाले. “बघून घ्या आमची पोरगी. लई गुणाची हाय.”

पदर खोचून मी शिडीने वर गेले. वर्गांच्या भागातली सळई नीट होती. गॅलरीकडे वळले आणि थांबले. सळया मजुरांच्या पायाखाली दबून पार खाली फळ्यांना टेकल्या होत्या. त्यांना वर धरून ठेवायला खाली लोखंडी खुर्च्या लावतात, त्या कुणी लावल्याच नव्हत्या. मागच्या गॅलरीतही तेच. मी खाली आले. चिवड्याची बशी माझ्या हातात देण्यात आली.

“अप्पा, नापसंत,” मी म्हणाले.

अप्पा हसले. “बाई, तुम्ही मुलीकडच्या का मुलाकडच्या?”

“गॅलरीच्या सळया तळाला गेल्यात. वर उचला, खुर्च्या लावा, मग भरा. न्हाईतर खालचे लाकडी टेके काढले की गॅलरी खाली येईल.”

“उद्या सकाळी टँकर येऊन राहिलाय. उद्याचा दिवस हुकला तर पाळी पुन्हा कधी यायची? उचलून घेतो, तुम्ही चिवडा घ्या.” आणि वर्गमित्राकडे बघून म्हणाले, “नवीन नवीन असंच असतंय.”

वर्गमित्र हसला. मी बशी ठेवली आणि आले. मी तिथेच ठाण मांडून बसायला हवं होतं, असं पुढे मला कितीतरी जणांनी सांगितलं. का बसायचं? मला बघायला बोलावलं होतं, मी बघितलं, जे दिसलं ते तोंडावर सांगितलं. ऐकण्याचं कामसुद्धा मीच करायचं का?

स्लॅब दुसऱ्या दिवशी आहे तसाच भरला. मग रोज त्याच्यावर मातीची आळी करून पाणी साठवायचे. समोरच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन त्या पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी तिथून जायची तेव्हा मान खाली घालून जायची. चांगल्या कामासाठी पाणी गेलं असतं तर निदान मान वर करता आली असती.

शाळेला सुट्टी होती म्हणून पोरी वाचल्या. टेके काढताना पुढची गॅलरी आधी लोंबली आणि मग तुटून पडली. टेके काढणाऱ्यांपैकी एकाच्या पायाचं हाड मोडलं. मी त्याला दवाखान्यात बघायला गेले, तर त्याची बायको म्हणाली, “तुम्हीच का त्या बाई, पसंत म्हणलेल्या?”

माझ्या नावावर काय खपवलं जातंय ते मला असं पहिल्यांदा कळलं. गावभर कधीच झालं होतं. बाई बघून गेल्या होत्या, बाईंनी चिवडा खाल्ला, बाई पसंत म्हणाल्या, म्हणून भरलं. दुकानामागच्या पोत्यांवरून निघालेली बातमी दोन दिवसांत उदगीर-अहमदपूर करून नांदेडला पोचली होती. टँकर पाठवायला महिना लावणारी ही माणसं एखाद्याचं नाव मातीत घालायला किती तत्पर होती. आणि त्या पाय मोडलेल्या माणसाकडे त्यांच्यातला एकजण फिरकला नव्हता.

शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या देवणीच्या, तुटक बोलणाऱ्या, खुर्चीत कधी टेकून न बसणाऱ्या.

“सगळे तुमचंच नाव सांगून राहिलेत,” त्या म्हणाल्या. “खरं हाय का?”

“नाही.”

“कुणी ऐकलं का तुम्ही न्हाई म्हणलेलं?”

मी वर्गमित्राचं नाव सांगितलं. मग म्हणाले, “बाई, माझं जाऊ द्या. मागची गॅलरी अजून टेक्यांवर उभी आहे. ते टेके काढू देऊ नका. ती फोडून बघा.”

त्या खुर्चीतून उठल्या. “गुरुवारी बघू,” म्हणाल्या.

त्याआधी मी नांदेडला गेले. सर माझ्या पाठीशी उभे राहतील याविषयी मला शंका नव्हती. एसटीत लोह्यापर्यंत मी त्यांना काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. त्यांनी ऐकून घेतलं. चहा मागवला.

“तू असं म्हण, की घाईत बघितलं. लक्षात आलं नाही. विषय संपतो.”

“सर, माझं नाव?”

“नवीन आहेस. लोक विसरतात. पण अप्पांशी वाकडं घेतलं तर तिथे आपल्याला पाण्याचा थेंब मिळायचा नाही. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचंय आपल्याला.”

ज्या माणसाने माझ्या मनगटावर बादली अडकवली होती, तो हे बोलत होता. मला वाटलं, तीच बादली भरून त्यांच्या टेबलावर ओतावी. मांडीला मांडी! मला तर त्या दुकानामागे पोत्यावर बसायचीही परवानगी नव्हती. मी चहा तसाच ठेवून उठले. परतीच्या एसटीत मी रडले, तेही रागाने, आणि शेजारच्या म्हातारीने मला माहेर तुटलं असं समजून खारे दाणे दिले.

गुरुवारी मोठ्या बाईंनी सगळ्या बैठकीला शाळेत बोलावलं. अप्पांच्या इमारतीचा मामला, त्यामुळे सगळे आले. अप्पा पुढे, बाकीचे त्यांच्या मागे, आणि वर्गमित्र सगळ्यांच्या मागे. मी गवंड्याला मागच्या गॅलरीवर भिंतीलगत वरून छन्नी मारायला सांगितली. सळई जागेवर असती तर वरचा पापुद्रा निघताच दिसली असती. तो फोडत गेला. काही नाही. आणखी फोडलं, खडी आणि सिमेंट. अप्पा म्हणाले, “पुरे आता.” मी म्हणाले, “चालू दे.” छन्नी खणकन लोखंडावर आदळली ती पार तळाशी, फळीच्या वर.

बैठकीतला एकजण म्हणाला, “हे बाईंनी त्या दिवशीच बघायला पाहिजे होतं.”

माझं डोकं सणकलं. मी सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या वर्गमित्राला पुढे बोलावलं.

“त्या दिवशी तू अप्पांच्या शेजारी होतास. मी खाली आल्यावर काय म्हणाले?”

तो अप्पांकडे बघायला लागला. मग चपलेकडे. “मला नीट ऐकू आलं न्हाई. मिक्सर चालू होता ना, त्याचा आवाज लई होता.”

“मिक्सर?” मी म्हणाले. “स्लॅब दुसऱ्या दिवशी भरला. आदल्या दिवशी मिक्सर कशाला चालू असेल?”

तिथे सगळे इंजिनिअर होते. मिक्सर कधी लागतो हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. तो खोटं बोलतोय हे प्रत्येकाला कळलं. आणि तरी एकाने तोंड उघडलं नाही. मला राग आहे तो या गोष्टीचा. अप्पांनी चूक केली, घाईत होते, टँकरच्या मागे लागले होते, समजू शकते. वर्गमित्राची भाकरी अप्पांच्या हातात होती, तेही एक वेळ समजू. पण बाकीच्यांचं काय जात होतं? त्यांनी एकमेकांना धरून राहायचं म्हणून जो तो दुसऱ्याच्या खोट्याला धरून राहिला. त्यालाच ते सहकार्य म्हणत होते. आजही म्हणतात.

बोलल्या त्या मोठ्या बाई. त्या इंजिनिअर नव्हत्या.

“पसंत केलेली वस्तू कुणी आपण होऊन फोडायला सांगतं का?” त्या अप्पांना म्हणाल्या. “ह्या बाईला मी बोलावलं, तर तीच म्हणली, फोडून बघा. तुमच्यातला एकजण तसं म्हणला न्हाई. अप्पा, दोन्ही गॅलऱ्या तुम्हीच नव्या करून द्यायच्या. आन् ह्या बाई पसंत म्हणल्याबिगर घमेलं हलायचं न्हाई.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण सगळे बघत होते.

मागची गॅलरी फोडली, पुढचा मोडलेला भाग काढला, सळया आत स्लॅबमध्ये लांब नेऊन नव्याने बांधल्या. पुन्हा टँकरची पाळी आली. या वेळी मला बोलावणं आदल्या दिवशीचं नव्हतं, थेट भरायच्या दिवशी सकाळचं. हीसुद्धा अप्पांची खेळी. टँकर गेटात उभा, मजूर घमेली घेऊन तयार, मिक्सरमध्ये खडी पडलेली, आणि अख्खी बैठक चहा घेत बसलेली. एवढं सगळं खोळंबून उभं असताना बाई काय नाही म्हणणार आहे? गेटाबाहेर गल्लीतल्या बायकाही टँकर बघून आल्या होत्या.

मी वर गेले. खुर्च्या लावल्या होत्या. पुढच्या गॅलरीत सळया जागेवर होत्या. मागच्या गॅलरीच्या टोकाकडे मजुरांनी ये-जा केली होती आणि खुर्च्या आडव्या झाल्या होत्या. तिथे सळया पुन्हा खाली बसल्या होत्या. मी सळई आणि फळीच्या मध्ये हात घालून बघितलं, बोटं आत जाईनात. कुणी म्हणेल, थोडंच तर होतं, तिथल्या तिथे उचलून चालवून घेता आलं असतं. मागच्या वेळीही ‘उचलून घेतो’ असंच म्हणाले होते. ही माणसं काय करतात आणि काय म्हणतात हे मला कळून चुकलं होतं.

मी शिडी उतरले. सगळे चहाचे कप धरून माझ्याकडे बघत होते. चिवड्याची बशी घेऊन वर्गमित्र पुढे आला.

“नापसंत,” मी म्हणाले.

अप्पांचा चेहरा लाल झाला. “बाई, टँकर उभा हाय.”

“मग गल्लीत सोडा. खुर्च्या नव्या लावा, चालायला वरून फळ्या टाका. पाणी पुन्हा येईल तेव्हा भरू.”

“पुन्हा म्हणजे कधी?”

“ते तुमच्या बैठकीत ठरतं. मला काय माहीत?”

कुणीतरी मागे घसा खाकरला. अप्पांनी टँकरकडे बघितलं. मोठ्या बाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडेही त्यांनी बघितलं. मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. वळले आणि वर्गमित्रावर ओरडले, “बाई नापसंत म्हणल्या. आज तरी ऐकू आलं का रे?”

जसं काही त्या दिवशी ऐकू न आलेला तो एकटाच होता.

“आलं,” तो म्हणाला. बशी अजून त्याच्या हातातच होती.

ड्रायव्हरने गेटातच तोटी उघडली आणि बायका घागरी घेऊन धावल्या. मजुरांनी घमेली पालथी घातली आणि त्यावर बसले. माझी कुणी माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि आजवरही नाही. पण त्या दिवशी स्लॅब भरला नाही.